खऱ्या पत्राविरुद्ध आलेली तक्रार

जूनमधल्या एका सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या प्रतिष्ठानाने जाहीर निवेदन काढलं, की प्रतिष्ठानाच्या नावाने येणाऱ्या कोणत्याही ईमेलवर विश्वास ठेवू नये. शिष्यवृत्तीची निवड आम्ही कधीही ईमेलने कळवत नाही. त्याच दिवशी दुपारी चार वाजता प्रतिष्ठानाने सात विद्यार्थ्यांना, शिष्यवृत्तीसाठी तुमची निवड झाली आहे, असं ईमेलने कळवलं.

निवेदन मी लिहिलं होतं. ईमेलमधला मजकूरही माझाच होता, जुन्या पोस्टाच्या पत्रासाठी लिहिलेला.

प्रतिष्ठानाचं नाव इथे देत नाही. अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत, गाळ्यांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस आहे. शेजारी चष्म्याच्या फ्रेमचा कारखाना, वर एका शिंप्याचं वर्कशॉप. अध्यक्षांनी बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवून पैसा केला आणि साठी ओलांडल्यावर दोन कामांसाठी हे प्रतिष्ठान काढलं: गरजू मुलांचं शिक्षण आणि खाडीकाठच्या तिवरांचं, म्हणजे खारफुटीच्या झाडांचं, संवर्धन. संवर्धनाचं काम पाहणारे तांडेल खारदांड्याच्या कोळीवाड्यातले. ते माणसं घेऊन खाडीतला कचरा काढत. त्या कचऱ्यात झाकणं निघत. हे कोणत्याही निवेदनात आलं नाही.

मी त्याआधी सतरा वर्षं संध्याकाळच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. दैनिक बंद पडलं, तेव्हा प्रतिष्ठानात प्रसिद्धी अधिकारी झाले आणि अकरा वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. या कामात माणूस नेमकं काय करतो, असं नातेवाईक अजून विचारतात. उत्तर सोपं आहे. संस्था काहीतरी करते, किंवा करत नाही, आणि दोन्ही वेळा निवेदन निघतं. ते लिहायचं.

वर्तमानपत्रात बातमीला कोण, काय, कधी, कुठे हे पहिल्या दोन ओळींत लागतं. प्रतिष्ठानात ‘कोण’लाच तीन परिच्छेद जात, कारण विश्वस्त पाच होते. ‘काय’ शेवटी येई. ‘कधी’ बहुतेक वेळा नसे, कारण अजून झालेलं नसे.

निवेदनं तीन प्रकारची होती. शिक्षणावरची विश्वस्त वाचत, आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते पाहायला. संवर्धनावरची तांडेल वाचत, चुका काढायला. तिसरा प्रकार शेवटच्या काही वर्षांत वाढला. प्रतिष्ठानाच्या नावाने लोकांना खोटे ईमेल जात, त्यांच्यापासून सावध करणारी निवेदनं. ती लोक वाचत असावेत, असा माझा समज होता.

तांडेलांचं एक उदाहरण देते, म्हणजे या कामातली कारागिरी कळेल. दर पावसाळ्याच्या तोंडावर अध्यक्ष मुलुंडच्या बाजूला खाडीकाठी तिवरांची रोपं लावत. मंडप, चटई, गमबूट, फोटो. एका वर्षी मी निवेदनात लिहिलं, ‘शंभर तिवरांचं संवर्धन’. तांडेल कागद घेऊन टेबलाशी आले.

“मॅडम, ही शंभर कुठं आहेत?”

“परवा लावली ती.”

“ती काल भरतीत गेली. तुम्ही असं लिहा, समुद्राला शंभर रोपं दान दिली. ते खरं आहे.”

“मग काय करायला हवं होतं?”

“काय नाय. भराव काढायचा, भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं. तिवर आपोआप येते. तिला अध्यक्ष लागत नाय.”

भराव काढण्याचा फोटो चांगला येत नाही. मी ‘शंभर तिवरांचं संवर्धन’ काढून ‘शंभर रोपं लावण्यात आली’ असं केलं. लावण्यात आली होती. पुढे त्यांचं काय झालं, हे निवेदनात कोणी विचारलेलं नव्हतं. अकरा वर्षांत मी एकही खोटं वाक्य लिहिलं नाही, असं मी म्हणू शकते. अपवाद त्या सोमवारचा.

तो सोमवार कसा आला, ते सांगायला आठवडाभर मागे जावं लागेल.

बुधवारी सकाळी मुलुंडहून एक गृहस्थ सपत्नीक ऑफिसात आले. वय सत्तरच्या पुढे, विमा कंपनीतून निवृत्त, इस्त्रीचा सदरा. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ईमेलची छापील प्रत. प्रतिष्ठानाने त्यांना ‘ज्येष्ठ शिक्षणप्रेमी सन्मान’ जाहीर केला होता. सन्मानाआधी नोंदणी शुल्क भरायचं होतं. ते त्यांनी भरलं नव्हतं. समक्ष भरू, म्हणजे बँकेचे चार्जेस वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. त्या काटकसरीने ते वाचले.

असा कोणताही सन्मान आम्ही देत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

“असं कसं? पत्र किती व्यवस्थित आहे बघा. तुमच्या वेबसाइटवर शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. यात एकही नाही.”

मी पत्र वाचलं. त्यातली तीन वाक्यं माझी होती. दोन वर्षांपूर्वीच्या निवेदनातून उचललेली. सतरा वर्षांच्या पत्रकारितेत माझं वाक्य कोणी चोरलं नव्हतं.

“पत्र बनावट आहे,” मी म्हटलं.

“असेल,” गृहस्थ म्हणाले. “पण सोसायटीच्या बोर्डावर अभिनंदन लागलंय. आता मी काय सांगू?”

“फसवणूक झाली म्हणून सांगा.”

त्यांची पत्नी म्हणाली, “यांची फसवणूक झाली, हे बोर्डावर लावायचं? तुम्ही मुलुंडला राहत नाही, म्हणून बोलताय.”

ते दोघं दीड तास बसून होते. शेवटी अध्यक्ष जेवायला बाहेर पडले, तेव्हा हे दोघं कोण, अशी त्यांनी माझ्याकडे चौकशी केली. कपाटात शाली होत्या. नारळ खालून आणला. अध्यक्षांनी गृहस्थांना ज्येष्ठ शिक्षणप्रेमी सन्मान दिला आणि फोटो काढला. वार्षिक अहवालात तो आतल्या पानावर आहे. त्या सन्मानाचे ते पहिले आणि शेवटचे मानकरी.

गुरुवार-शुक्रवारी तसेच आणखी काही ईमेल लोकांनी आणून दाखवले. बहुतेक विद्यार्थ्यांना आलेले होते: तुमची निवड झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा. तेव्हा निवेदन काढायचं ठरलं.

माझा मसुदा चार वाक्यांचा होता. त्यातलं कामाचं वाक्य एकच: ‘प्रतिष्ठान कोणत्याही विद्यार्थ्याकडून, कोणत्याही टप्प्यावर, एक रुपयाही मागत नाही.’ तेवढं पुरेसं होतं. पण निवेदनाची फाइल विश्वस्तांकडे फिरते. फिरताना प्रत्येक जण एक-दोन वाक्यं घालतो. कोणी काढत नाही, कारण काढण्यासाठी आधी वाचावं लागतं. एकाने घातलं, फोनवर विश्वास ठेवू नये. दुसऱ्याने, आमचा कोणताही प्रतिनिधी घरी येत नाही. तिसऱ्याने, असे ईमेल आल्यास पुढील पत्त्यावर तक्रार करावी. तो पत्ता माझा होता. फाइल शेवटी अध्यक्षांकडे गेली. त्यांनी लिहिलं, ‘प्रतिष्ठान निवड कधीही ईमेलने कळवत नाही.’ फाइल माझ्याकडे परत आली, तेव्हा वाक्यं अकरा होती.

वर्षानुवर्षं आम्ही निवड रजिस्टर पोस्टाने कळवत असू. अध्यक्षांना तेच माहीत होतं. पण त्या वर्षी शिक्षण विभागाच्या नाडकर्णी बाईंनी पद्धत बदलली होती. त्या माजी मुख्याध्यापिका. बदल करण्याचं कारण सबळ होतं. आदल्या वर्षी पत्रं परत आली होती. पाकिटांवर पोस्टमनचा शेरा होता: ‘इमारत पाडली.’ मुलं ज्या पत्त्यावरून अर्ज करत, ती इमारत निवड होईपर्यंत पुनर्विकासाला गेलेली असे आणि कुटुंब भाड्याच्या जागेत. ईमेल मात्र पाडता येत नाही. म्हणून बैठकीत ठरलं, की यापुढे ईमेल. त्या बैठकीचं इतिवृत्त माझ्या हस्ताक्षरात आहे.

मी ते विसरले. वर्तमानपत्रात एखाद्या वाक्यात ‘कधीही’ आलं, की उपसंपादक एक फोन करतो. नाडकर्णी बाईंचं टेबल माझ्यापासून पाच पावलांवर होतं. मी फोन केला नाही, पाच पावलं चालले नाही. निवेदन वेबसाइटवर चढवलं आणि चहा घेतला.

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी तक्रारीच्या पत्त्यावर एक ईमेल आला. सोबत दुसरा ईमेल जोडलेला. मजकूर असा: ‘महोदय, कालच तुमचं निवेदन वाचलं. आणि कालच मला तुमच्या नावाने हा खोटा ईमेल आला. सही-शिक्का हुबेहूब आहे. कृपया या लोकांवर कारवाई करावी. ब्लॉसम परेरा, वाकोला.’

तक्रारींसाठी माझ्याकडे ठरलेलं उत्तर होतं. जोडलेला ईमेल न उघडता मी ते नऊ एकतीसला पाठवलं: ‘आपल्या सतर्कतेबद्दल प्रतिष्ठान आपलं आभारी आहे. आपण कळवलेला ईमेल बनावट असून त्याकडे दुर्लक्ष करावं.’

निवड स्वीकारल्याचं कळवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती. सातपैकी सहा जणांनी कळवलं. नियमाप्रमाणे शनिवारी प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलाला ईमेल गेला. त्याने अर्ध्या तासात होकार दिला.

पुढच्या सोमवारी डब्याच्या वेळी नाडकर्णी बाई म्हणाल्या, “एका मुलीने उत्तरच दिलं नाही गं. नर्सिंगची. मुलाखतीत किती चांगली बोलली होती. आजकालच्या मुलांना किंमत नाही.”

“नाव काय?”

“ब्लॉसम परेरा.”

मी डबा झाकला आणि टेबलाशी जाऊन तो ईमेल उघडला. या वेळी जोडलेला भागही उघडला. मग बाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले, माझं उत्तर दोनदा वाचलं.

“म्हणजे तिला शिष्यवृत्ती मिळाली, ती तिने आपल्याला कळवली, आणि आपण सांगितलं की नाही मिळाली.”

“हो.”

“आणि बाकीच्या सहा जणांनी?”

“त्यांनी निवेदन वाचलं नाही.”

त्या सहा जणांना शिष्यवृत्ती मिळाली, ती त्यांनी निवेदन न वाचल्यामुळे. माझं निवेदन शेवटच्या वाक्यापर्यंत वाचून त्याबरहुकूम वागलेली, माझ्या माहितीतली, ही पहिलीच व्यक्ती.

बाईंनी तिचा अर्ज काढला. कॉलेज कुर्ल्याचं. प्रवेशाची जागा मिळालेली. फी भरायची शेवटची तारीख परवा, बुधवार. भरली नाही, तर जागा दुसऱ्याला.

मी तिला फोन लावला. बोलणं दीड मिनिट चाललं.

“ब्लॉसम परेरा ना? मी प्रतिष्ठानातून बोलतेय. तुला आलेला शिष्यवृत्तीचा ईमेल खरा आहे.”

“कुठला? तो खोटा आहे. मला ऑफिसकडून लेखी आलंय.”

“ते मीच पाठवलं होतं. ती माझी चूक.”

“म्हणजे मी ऑफिसला केलेली तक्रार पण तुमच्याकडे पोचली? भारी आहे हां. चोराची तक्रार चोरालाच.”

“तसं नाही. तू फक्त ऐक. परवा फीची शेवटची तारीख आहे ना?”

“ते पण माहितीय तुम्हाला. मॅडम, लाज वाटत नाही? तुमच्या घरात शिकणारी पोरं नाहीत काय?”

फोन बंद झाला. दुसऱ्यांदा लागला नाही.

“उचलत नाही?” बाईंनी विचारलं.

“ब्लॉक केलंय.”

“हुशार आहे,” बाई म्हणाल्या. “मी म्हटलंच होतं.”

बाईंनी आपल्या मोबाइलवरून प्रयत्न केला. त्यांनाही ब्लॉक करण्यात आलं. मुख्याध्यापिकेच्या आवाजाचा काही उपयोग झाला नाही, हे त्यांना लागलं.

दुपारी मी आणि तांडेल त्यांच्या जीपने वाकोल्याला निघालो. जीपवर प्रतिष्ठानाचं नाव रंगवलेलं आहे आणि आत खाडीचा चिखल वाळलेला असतो. वाकोल्याच्या जुन्या गावठाणात परेरांचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात क्रूस, व्हरांड्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. दार ब्लॉसमच्या मावशीने उघडलं. फिलोमिना मावशी एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसतात. ब्लॉसमची आई कुवेतला नोकरीला आहे, त्यामुळे घर मावशीच्या हाती. जाळीचं दार त्यांनी उघडलं नाही. मी माझं ओळखपत्र जाळीला लावलं.

“याची तारीख संपली हाय,” मावशी म्हणाल्या.

संपली होती. नवीन कार्डाची फाइल विश्वस्तांकडे फिरत होती.

“ती बघा, जीप आहे. वर नाव आहे,” मी म्हटलं.

“जीपवर नाव काढायला किती वेळ लागतो? आमच्या गल्लीतला पेंटर दुपारपर्यंत काढून देईल.” मग त्यांनी तांडेलांकडे पाहिलं. “तू कुठला रे?”

“खारदांड्याचा. तांडेल.”

“कुणाचा?”

तांडेलांनी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं. मावशींचं समाधान झालं नाही.

“वाकोल्याच्या बाजारात कोण बसतं तुमच्यातलं?”

“आत्या बसते. लीलाबाई. कोपऱ्यावर, कोंबडीवाल्याच्या बाजूला.”

मावशींनी आत जाऊन मोबाइल आणला आणि आमच्यासमोर फोन लावला. “लीला, तुझा कोण भाचा हाय का, खाडीत काम करतो तो? कसा दिसतो? ... हां. ... डोक्यावर केस? ... बरं. उद्या सुरमई ठेव.” फोन ठेवून त्या म्हणाल्या, “पोरगा खरा हाय. मॅडमचं काय सांगता येत नाय.”

तांडेल तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. खऱ्या पोराला आत खुर्ची मिळाली. मी व्हरांड्यात राहिले.

ब्लॉसम आतून आली. हातात कागद होता. माझं निवेदन तिने छापून फ्रिजवर चिकटवलं होतं, ते चुंबकासकट काढून आणलं. नंतर कळलं, की आदल्या वर्षी नर्सिंगचीच जागा मिळवून देतो म्हणून एका एजंटने तिच्या आईकडून पैसे घेतले होते. एजंट गेला, तिचं एक वर्ष गेलं. तेव्हापासून या घरात छापील कागद पूर्ण वाचल्याशिवाय कोणी काही करत नाही.

“हे तुम्हीच लिहिलंय ना?” तिने विचारलं.

“हो.”

“प्रतिष्ठानाचा कोणताही प्रतिनिधी घरी येत नाही. मग तुम्ही कशा आलात?”

“ते वाक्य चुकीचं आहे.”

“फोनवर विश्वास ठेवू नये?”

“ते आजपुरतं चुकीचं होतं.”

“निवड कधीही ईमेलने कळवत नाही?”

“ते पूर्ण चुकीचं आहे.”

तिने जाळीच्या फटीतून कागद आणि पेन बाहेर सरकवलं. “मग जे जे चुकीचं आहे, ते खोडून द्या. खाली सही करा.”

मी व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून अकरा वाक्यं तपासली. सात खोडली. चार राहिली. ती मूळ मसुद्यातली चार होती. खाली नाव, हुद्दा, तारीख, वेळ लिहिली. कागद परत आत गेला. ब्लॉसमने वाचला, मावशींनी वाचला.

“उद्या आम्ही ऑफिसला येऊ,” मावशी म्हणाल्या. “पत्ता देऊ नका. आमचा आम्ही शोधू.”

“अंधेरी ईस्टला—”

“नाय सांगायचं बोलले ना.”

परतताना तांडेल गाडी चालवत म्हणाले, “मॅडम, वाट लागली ना?”

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी अध्यक्षांच्या खोलीत गेले. बरोबर दोन कागद होते: ब्लॉसमची तक्रार माझ्या उत्तरासह, आणि शुद्धिपत्राचा मसुदा. वर्तमानपत्रात चूक झाली, की दुसऱ्या दिवशी तिची दुरुस्ती छापतात. चांगल्या दैनिकात ती चूक छापली त्याच पानावर छापतात. आमचं चांगलं होतं, म्हणून बंद पडलं असेल.

“पण मुदत शुक्रवारची होती,” अध्यक्ष म्हणाले. “तिचं उत्तर नाही.”

“उत्तर आहे, सर. गेल्या मंगळवारी सकाळी नऊ बावीस. आपण जाहीर केलेल्या पत्त्यावर.”

“त्यात काय लिहिलंय?”

“हा ईमेल खोटा आहे, असं.”

“म्हणजे नकारच की.”

“नकार नाही. तिने संस्थेला कळवलं आणि संस्थेने सांगितलं, बरोबर आहे, दुर्लक्ष कर. तिने संस्थेचं ऐकलं.”

“संस्थेने म्हणजे कोणी?”

“मी.”

अध्यक्षांनी कागदावरच्या नऊ बावीस आणि नऊ एकतीस या दोन्ही वेळांवर बोट ठेवून पाहिलं. कारखानदार माणूस, वेळ त्यांना कळते. “सातवी जागा तर आपण दिलीय.”

“हो. त्या मुलाचाही दोष नाही.”

“म्हणजे आठवी करायची.” त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला. “करू. आणि हे दुसरं काय?”

“शुद्धिपत्र. आजच टाकायला हवं. आणखी किती जणांनी काय काय डिलीट केलं असेल, माहीत नाही.”

त्यांनी ते वाचलं. त्यात एवढंच होतं, की आमच्या निवेदनातली सात वाक्यं चुकीची होती, आणि ती कुठली.

“हे नको.”

“सर, चुकलंय.”

“म्हणूनच नको. न चुकता काढलं असतं तर चाललं असतं.” मग त्यांनी सरळ सांगितलं. “मॅडम, उद्या विश्वस्तांपुढे मला एक गोष्ट न्यायची आहे. आठवी जागा नेतो, किंवा हे नेतो. हे नेलं, तर ते आधी चूक कोणाची यावर दोन तास बोलतील, आणि जागेचं पुढच्या बैठकीत. तुम्ही सांगा.”

फीची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. मी शुद्धिपत्राचा कागद उचलून फाइलमध्ये ठेवला. तो अजून त्याच फाइलमध्ये असावा.

अध्यक्षांनी बैठकीची वाट पाहिली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. चारही विश्वस्तांना त्यांनी तिथल्या तिथे फोन केले. प्रत्येकाने विचारलं, नाव कितव्या ओळीत येणार.

अकरा वाजता मावशी आणि ब्लॉसम ऑफिसात आल्या. पत्ता त्यांनी खरंच स्वतः शोधला होता. खालच्या वॉचमनला विचारलं, चष्म्याच्या कारखान्यात जाऊन विचारलं, वरच्या शिंप्याला विचारलं, हे लोक इथे किती वर्षं आहेत आणि कसे आहेत. शिंप्याने काय सांगितलं, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. नाडकर्णी बाईंना पाहिल्यावर ब्लॉसम पहिल्यांदा थोडी सैल झाली, कारण मुलाखत त्यांनी घेतली होती.

“बाई, काल तुम्हीच फोन केलेला?”

“हो.”

“सॉरी. मी तुम्हाला काय काय बोलले.”

“व्याकरण चांगलं होतं,” बाई म्हणाल्या.

त्या वर्षीचं शिक्षणावरचं निवेदन पुढच्या आठवड्यात निघालं. त्यात होतं, की शिक्षणाविषयीच्या बांधिलकीतून प्रतिष्ठानाने यंदा शिष्यवृत्तींची संख्या सातवरून आठ केली आहे. ते मी लिहिलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. सहा विद्यार्थ्यांनी त्यासाठी आभाराचे दोन शब्द आणि फोटो पाठवले. प्रतीक्षायादीतल्या मुलाने चार शब्द पाठवले. ब्लॉसमने विचारलं, हे सक्तीचं आहे का. नाही, असं मी लेखी कळवलं. तिने काही पाठवलं नाही.

अकरा वाक्यांचं निवेदन वेबसाइटवरून काढण्यासाठी मी निवृत्त होईपर्यंत तीनदा फाइल पाठवली. दोनदा ती परत आली. तिसऱ्यांदा तिच्यात एक वाक्य वाढून आलं. नंतरच्या दोन्ही वर्षी शिष्यवृत्तीची पत्रं ईमेलनेच गेली. नाडकर्णी बाई आता आधी प्रत्येकाला मुलाखतीतच सांगून ठेवतात, की आमची वेबसाइट वाचू नका. तो ईमेल आणखी कोणी खोटा समजून टाकून दिला का, हे शोधण्याचा माझ्याकडे मार्ग नव्हता. या लेखाचा मजकूर संपादकांकडे पाठवण्यापूर्वी मी वेबसाइट पाहिली. निवेदन आहे. बारा वाक्यं.

ब्लॉसमची फी त्या बुधवारी भरली. प्रतिष्ठानाचा डिमांड ड्राफ्ट घेऊन नाडकर्णी बाई आणि मी कुर्ल्याच्या कॉलेजात गेलो. मावशींनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. ब्लॉसम आमच्या आधी येऊन रांगेत उभी होती. खिडकी साडेतीनला बंद होणार होती. तीन वाजून वीस मिनिटांनी क्लार्कने ड्राफ्ट घेतला, शिक्का मारला आणि पावती बाहेर सरकवली.

पावती मावशींनी घेतली. त्यांनी ती पूर्ण वाचली, मागची बाजूही पाहिली. मग वर छापलेला फोन नंबर बघत तिथेच उभ्या राहून मोबाइलवरून फोन लावला.

खिडकीच्या आत, क्लार्कच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याने तो उचलला आणि कॉलेजचं नाव सांगितलं.

मावशींनी मोबाइल बंद केला आणि पावती ब्लॉसमच्या हातात दिली.